वार्धक्यविचाराची वाटचाल

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आमच्यासारख्या निवृत्त प्राथमिक शिक्षकास आपण या व्यासपीठावर पाचारण केले, याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. चिटणीसांनी विषयाची निवड आमच्यावरच सोपविली, तेव्हा 'वार्धक्य' हा विषय घेतो असे आम्ही कळविले. ते मनाशी हसले असावेत. साठी उलटलेला मनुष्य दुसरे काय बोलणार! परंतु आज आम्ही आपल्यापुढे आमच्या गुडघ्यांचे रडगाणे गाणार नाही. वार्धक्याकडे पाहण्याची शास्त्रज्ञांची व वैद्यांची दृष्टी गेल्या सव्वाशे वर्षांत कशी पालटत गेली, त्याचा वृत्तान्त आम्ही यथामति सांगणार आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. वैद्यकात आम्हांस गती नाही. आमच्या थोरल्या भगिनीची, म्हणजे अक्काची, नात फिजिओथेरपीचे शिक्षण घेते. तिने आणून दिलेले इंग्रजी लेख शब्दकोश उशाशी घेऊन आम्ही गेली दोन-तीन वर्षे वाचीत आहो. काही चुकले तर तो दोष आमच्या इंग्रजीचा समजावा.

म्हातारपण नको ही मनुष्याची फार जुनी इच्छा आहे. ययातीची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. शुक्राचार्यांच्या शापाने आलेली जरा त्याने आपल्या पुत्राच्या, पुरूच्या, माथी दिली आणि त्याचे तारुण्य घेतले. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक अंग रसायनाचे, आणि चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा आरंभच रसायनाध्यायाने होतो. च्यवन ऋषींचे नाव तर आज घरोघरच्या बरणीवर आहे. पंडित मदनमोहन मालवीय यांच्यासारख्या विद्वान पुरुषानेही १९३८ साली कायाकल्पाचा प्रयोग स्वतःवर करून घेतला होता. त्याचा टिकाऊ उपयोग झाला नाही. आम्ही हे उपहासाने सांगत नाही, कारण याच सुमारास पाश्चात्त्य पंडितही याच इच्छेच्या मागे धावत होते, आणि त्यांची धाव आपल्यापेक्षा अधिक विलक्षण होती.

१८८९ साली पॅरिस येथील विद्वत्सभेत ब्राउन-सेकार नावाच्या ७२ वर्षांच्या ख्यातनाम शरीरशास्त्रज्ञाने जाहीर केले की, कुत्रे व गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क आपण स्वतःस टोचून घेतला आणि आपली गेलेली शक्ती परत आली. आता आपण जिना जवळजवळ धावत चढतो. (जिन्याची ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.) सर्वत्र खळबळ उडाली, औषधे विकली गेली. पुढे कळले की, ज्या द्रव्याचा गुण ते सांगत होते ते पाण्याच्या अर्कात जवळजवळ उतरतच नाही. मनाने घेतलेली ती उभारी होती. पाच वर्षांनी ते गृहस्थ निवर्तले. तरीही १९२० साली व्होरोनॉफ नावाच्या शस्त्रवैद्याने माकडाच्या ग्रंथींचे काप माणसाच्या अंगी बसविण्यास आरंभ केला, आणि श्रीमंत लोक त्याच्या दारी रांगा लावू लागले. धनिकांस पुत्राचे तारुण्य मागता येईना, तेव्हा त्यांनी माकडाचे मागितले, एवढाच ययातीच्या कथेत फरक!

या गर्दीत एक नाव मात्र आदराने घेतले पाहिजे, ते मेच्निकॉफ यांचे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करणाऱ्या या रशियन शास्त्रज्ञाने १९०३ साली वार्धक्याच्या अभ्यासास 'जेरोन्टॉलॉजी' हे नाव दिले. १९०८ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले, ते मात्र रोगप्रतिकारशक्तीवरील शोधाबद्दल. त्यांचे मत असे की, मोठ्या आतड्यातील जंतू अन्न कुजवून विष तयार करतात व त्या विषाने माणूस जरठ होतो. सबब आंबविलेले दूध नित्य घ्यावे. आमच्या आजीस हे कोणी सांगितले असते तर ताकाचे मडके दाखवून ती म्हणाली असती, "यासाठी पारितोषिक?" मेच्निकॉफ स्वतः नेमाने दही खात असत, १९१६ साली ७१ व्या वर्षी ते वारले. त्यांचा निष्कर्ष पुरा टिकला नाही. परंतु वार्धक्य हा शाप नसून अभ्यासाचा विषय आहे, ही गोष्ट त्यांनी निःसंकोचपणे मांडली.

आता आम्हांस जे विशेषेकरून सांगावयाचे आहे त्याकडे वळतो.

न्यूयॉर्क येथे नॅशर नावाचे एक डॉक्टर होते. विद्यार्थिदशेत असताना ते गुरूंच्या समवेत एका अनाथगृहात गेले. तेथे एक वृद्धा दुखणे सांगू लागली. गुरूंनी शिष्यास सांगितले की, हिला वार्धक्य झाले आहे, दुसरे काही नाही. यावर उपाय काय असे शिष्याने विचारले. काहीही नाही असे उत्तर मिळाले. नॅशर यांस ते उत्तर आयुष्यभर सलत राहिले, असे सांगतात. बालरोगांचे जसे निराळे शास्त्र आहे तसे वृद्धांच्या रोगांचेही असावे, असा आग्रह धरून त्यांनी १९०९ साली 'जेरियाट्रिक्स' हा शब्द प्रचारात आणला. वार्धक्य निराळे आणि वृद्धास झालेला रोग निराळा, हा त्यांचा मुद्दा. ऐकण्यास किती साधा वाटतो! परंतु आपणांपैकी प्रत्येकाने घरातल्या कोणाच्या तरी दुखण्यावर "वय झालं आता, चालायचंच" असे म्हटले असेल. आम्हीही म्हटले आहे, आणि त्याचे मोल दिले आहे.

शब्द निघाला खरा, पण त्यास प्रत्यक्षात आणले ते एका बाईंनी. लंडनच्या पश्चिमेस आयलवर्थ येथे वेस्ट मिडलसेक्स नावाचे रुग्णालय आहे. तेथील डॉक्टर मार्जोरी वॉरन यांजकडे १९३५ साली शेजारच्या जुन्या दरिद्रिगृहातील ७१४ रुग्ण सोपविण्यात आले. हे दरिद्रिगृह म्हणजे निराधारांचा कोंडवाडाच. त्यांत बहुतेक वृद्ध. वर्षानुवर्षे खाटेवर पडलेले. कोणास पक्षाघात, कोणाचा पाय मोडलेला, कोणी नुसतेच अशक्त. त्यांस काय झाले आहे हे कोणी नीटसे तपासलेच नव्हते. खावयास घालीत, अंथरूण बदलीत आणि वाट पाहत.

वॉरनबाईंनी एकेकाची तपासणी केली. ज्यास रोग होता त्यावर उपचार केले; ज्यास केवळ पडून राहून अशक्तपणा आला होता त्यास हळूहळू बसविले, उभे केले, चालविले. खोल्यांस उजळ रंग दिला, दिवे वाढविले, भिंतींस धरण्यासाठी दांडे बसविले, बसण्यास नीट खुर्च्या ठेवविल्या. यात अमृत नाही, संजीवनी नाही. सुतारकाम आहे, रंगकाम आहे आणि चिकाटी आहे. तेवढ्याने वर्षांची अंथरुणे रिकामी होऊ लागली. कोणी आपल्या घरी गेले, कोणी वृद्धाश्रमात हिंडतेफिरते झाले. १९४३ साली व नंतर १९४६ साली त्यांनी हा अनुभव लिहून प्रसिद्ध केला, आणि इंग्लंडात वृद्धचिकित्सा ही स्वतंत्र शाखा म्हणून उभी राहिली. १९४७ साली लंडनचेच एक डॉक्टर रिचर्ड ॲशर यांनी तर अंथरुणास खिळण्याचे धोके यावर लेखच लिहिला. पडून राहिल्याने रक्त गोठते, स्नायू वाळतात, सांधे आखडतात, हाडे झिजतात, पाठीस जखमा होतात, बद्धकोष्ठ होते आणि शेवटी मन विझते, हे त्यांनी अवयववार दाखवून दिले.

१९४७ साल. ही तारीख आम्ही मुद्दाम उच्चारतो. कारण ही विद्या आमच्या घरी १९९३ सालीही पोहोचली नव्हती.

त्या वर्षीच्या आषाढात, संगमेश्वर तालुक्यातील आमच्या गावी, आमच्या मातोश्री परसात विहिरीपाशी शेवाळावर घसरून पडल्या व त्यांचा खुबा मोडला. त्यांचे वय तेव्हा ७४. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका डॉक्टरांनी पाहून सांगितले की, या वयात शस्त्रक्रियेच्या फंदात पडू नका, विश्रांती द्या. आमचे मेहुणे म्हणाले, आंबा घाट चढून मिरजेस नेऊ, तेथे हाडांचे चांगले डॉक्टर आहेत. आम्ही नको म्हणालो. म्हाताऱ्या जिवास कशाला हाल, असे आमचे शब्द होते. त्या वेळी ते आम्हांस मायेचे वाटले.

मग आम्ही सेवा केली. माजघरात खाट टाकली, मऊ गादी केली. मातोश्रींस कूस बदलावयाची झाली तरी कोणीतरी धावे. पाण्याचा पेला त्यांच्या हाती आम्ही देत नसू, ओठांशी लावीत असू. पहिल्या महिन्यात त्या दोनदा म्हणाल्या, "बाळ, मला जरा बसव रे, अंगण दिसत नाही." आम्ही म्हणालो, "पडून राहा, आई, तुला सोसायचे नाही." तिसऱ्या महिन्यानंतर त्यांनी ते म्हणणे सोडून दिले. पाठीस व्रण झाले, पाय काठीसारखे झाले, छातीत कफ भरू लागला. अकराव्या महिन्यात त्या गेल्या. तेराव्या दिवशी जमलेल्या आप्तांनी आमची फार वाखाणणी केली. आईची सेवा करावी तर मास्तरांनी, असे कित्येकजण म्हणाले. पुढे बरीच वर्षे आम्हीही तसेच समजत होतो.

शस्त्रक्रिया झाली असती तर त्या वाचल्याच असत्या, असे आम्ही म्हणत नाही. तसे कोणासच म्हणता येणार नाही. परंतु अंगण दिसावे म्हणून बसविण्यास शस्त्रवैद्य लागत नव्हता.

असो. याच काळात प्रयोगशाळांतून जे घडत होते तेही थोडक्यात सांगितले पाहिजे, नाहीतर वृत्तान्त लंगडा होईल. न्यूयॉर्क येथे अलेक्सिस कॅरेल या नोबेल विजेत्या शास्त्रज्ञाने १९१२ साली कोंबडीच्या पिलाच्या हृदयातील पेशी काचपात्रात वाढविण्यास घेतल्या व त्या ३० वर्षांहून अधिक जिवंत राहिल्याचे सांगितले गेले. त्यावरून पेशी अमर आहेत, मरते ते शरीर, असा समज पन्नास वर्षे प्रचलित होता. १९६१ साली फिलाडेल्फियाच्या हेफ्लिक व मूरहेड यांनी दाखविले की, मानवी पेशी साधारण पन्नास वेळा विभागतात व मग थांबतात. आधी त्यांचा लेख एका मान्यवर नियतकालिकाने परत पाठविला होता! कॅरेल यांचा प्रयोग पुढे कोणासही साधला नाही. पेशींस घातलेल्या खाद्यातून नव्या पेशी मिसळत असाव्यात, असा तर्क आहे. मोठ्या नावापुढे पन्नास वर्षे कोणी फारसे प्रश्न विचारले नाहीत, ही गोष्ट आम्हां शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. पेशी का थांबतात याचे एक कारण पुढे सापडले. गुणसूत्रांच्या टोकांस, कापड उसवू नये म्हणून काठाला दुमड घालावी तसे एक आवरण असते व ते प्रत्येक विभागणीत आखूड होते. या शोधासाठी २००९ साली एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर व जॅक शोस्टॅक यांस नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरा धागा आहाराचा. १९३५ साली, म्हणजे ज्या वर्षी वॉरनबाईंकडे ते रुग्ण आले त्याच वर्षी, अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या मॅके यांनी दाखविले की, जीवनसत्त्वे पुरेशी देऊन एकंदर अन्न कमी ठेवलेले उंदीर अधिक जगतात. १९९३ साली कॅलिफोर्नियात सिंथिया केन्यन यांनी एका मिलिमीटरभर कृमीतील एका जनुकात बदल झाला असता त्याचे आयुष्य दुप्पट होते व तो हिंडताफिरता राहतो, हे सिद्ध केले. तोवर वार्धक्य म्हणजे जुन्या बैलगाडीप्रमाणे झिजत जाणे, असे समजत. त्या झिजेवरही शरीराचा काही ताबा आहे, हे आता दिसू लागले. २००९ साली रॅपामायसिन नावाच्या औषधाने उंदरांचे आयुष्य वाढले, आणि ते औषध त्यांस माणसाच्या साठीच्या वयात सुरू केले होते. हे वाचून आम्ही क्षणभर ताठ बसलो, हे कबूल करतो! परंतु माणसाचे म्हातारपण मागे फिरविल्याचे सिद्ध झालेले एकही औषध आज बाजारात नाही. वर्तमानपत्रांतून भुकट्या व गोळ्या यांच्या जाहिराती येतात, आणि आपल्या ज्ञातीतील काही सुखवस्तू मंडळी त्यांवर महिन्याचे हजारो रुपये खर्च करतात, हे आम्हांस ठाऊक आहे. ब्राउन-सेकार यांचे दुकान अद्यापि बंद झालेले नाही.

या सर्व शोधांत आमच्या मनास भिडला तो मात्र एक अगदी लहान प्रयोग. १९९० साली अमेरिकेतील बोस्टन येथे मारिया फियाटारोन या डॉक्टरबाईंनी एका वृद्धाश्रमातील नव्वदीच्या घरातील दहा माणसांस आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. नव्वदीत वजन! आपल्या घरी कोणी असे सुचविले तर आपण त्यास दारातून परत पाठवू. एकाने मध्येच सोडले. नऊजणांनी पुरा केला. त्यांच्या मांड्यांची शक्ती सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि चालही सुधारली. शंभरीकडे निघालेला स्नायूदेखील, काम दिले तर जागा होतो. मातोश्रींचे पाय काठीसारखे झाले ते वयाने की आमच्या सेवेने, हा प्रश्न ते टिपण वाचल्यापासून आम्हांस सोडीत नाही.

आपल्या देशातही हळूहळू जाग आली. १९७८ साली मद्रास येथील सरकारी रुग्णालयात डॉक्टर व्ही. एस. नटराजन यांनी वृद्धांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. १९९९ साली वृद्धांविषयीचे राष्ट्रीय धोरण आले. २००७ साली आईवडिलांच्या निर्वाहाचा कायदा झाला. कायद्याविषयी आमचे मत असे की, तो हवा, पण तो उपेक्षा करणाऱ्या मुलांसाठी आहे. आमच्यासारख्या अतिसेवा करणाऱ्या मुलांसाठी कायदा नाही. १९५१ च्या सुमारास या देशातील सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते, आज ते ७० च्या आसपास आहे. (त्या काळी सर्वजण बत्तिशीत मरत असा याचा अर्थ नव्हे, बालके फार दगावत म्हणून सरासरी खाली येई. गणित शिकविण्याची आमची सवय सुटत नाही.) १९५१ साली साठीपुढचे लोक सुमारे २ कोटी होते, २०११ च्या शिरगणतीत ते सुमारे १० कोटी ३८ लक्ष भरले. आणि जगाची भाषाही पालटली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या आपल्या अहवालात, चांगले वार्धक्य म्हणजे रोग नसणे नव्हे, तर माणसास जे मोलाचे वाटते ते करता येणे, अशी व्याख्या केली. अंगण पाहता येणे हेही त्यात बसते.

आता अक्काची हकीकत. २०१७ साली, आम्ही सेवानिवृत्त झालो त्याच वर्षी, कोल्हापुरास मुलाच्या घरी अक्का पडली. वय ७६, आणि मोडला तोही खुबाच. बातमी ऐकताच आमच्या डोळ्यांपुढे माजघरातील ती खाट उभी राहिली. आम्ही पोहोचेपर्यंत भाच्याने शस्त्रक्रियेस संमती देऊन टाकली होती. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्याच दिवशी एक वीस-बावीस वर्षांची मुलगी आली आणि म्हणाली, "चला आजी, उठायचं." अक्काने तिला जे शब्द ऐकविले ते या सभेत सांगण्याजोगे नाहीत. आम्हीही त्या मुलीस म्हणालो, "अहो ताई, निदान आठ दिवस तरी जाऊ द्या." तिने आमच्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाली, "काका, तुम्ही बाहेर बसा." आम्ही बाहेर बसलो. आतून अक्काचे ओरडणे ऐकू येत होते. थोड्या वेळाने दार उघडले, तेव्हा अक्का वॉकर धरून उभी होती, थरथरत होती, रागाने लाल झाली होती, आणि उभी होती. तो वर्षाचा बेगमीचा मसाला तिने स्वतः बसून करवून घेतला. अक्काच्या नातीने फिजिओथेरपीचे शिक्षण घ्यावयाचे का ठरविले, हे आता निराळे सांगावयास नको.

या संमेलनात दरवर्षी पंचाहत्तरी पूर्ण केलेल्या वडीलधाऱ्यांचा आपण शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतो. प्रथा उत्तम आहे. परंतु दोन स्वयंसेवक त्यांस दोन्ही दंडांस धरून व्यासपीठावर आणतात, खुर्चीत बसवितात आणि "बसा, बसा, उठू नका" असे म्हणत बसल्या जागी शाल घालतात, हे आम्ही कित्येक वर्षे पाहत आहो. गेल्या वर्षी एक आजोबा उठून उभे राहू पाहत होते. त्यांस खांदा दाबून बसविण्यात आले. बसविणाऱ्याच्या मनात आदरच होता, हे आम्ही शपथेवर सांगू.

अध्यक्षमहाशय, आपला शिष्यवृत्ती-निधी आहे, वधूवर-सूचक केंद्र आहे. त्यांतील पैसा वळवावा असे आमचे म्हणणे नाही. आमची मागणी फार लहान आहे. अक्का आज पहिल्या रांगेत बसली आहे. हे सभागृह पहिल्या मजल्यावर आहे, आणि जिन्यास कठडा डाव्या हातास तेवढा आहे. चढताना तिला भिंतीच्या बाजूस धरण्यास काही मिळेना, तेव्हा तिघांनी मिळून तिला उचलून वर आणले. त्याचा तिला फार राग आला आहे. उजव्या बाजूच्या भिंतीस खालपासून वरपर्यंत एक लाकडी दांडा बसविण्याचा अंदाज आम्ही आपल्या ज्ञातीतीलच एका सुतार-कारागिराकडून घेतला आहे. तो कागद चिटणीसांकडे दिलेला आहे. निम्मा खर्च आम्ही मातोश्रींच्या नावे देऊ. उरलेला सभासदांनी द्यावा.

भोजनाची व्यवस्था खाली केलेली आहे. दांडा अद्याप बसलेला नाही, सबब उतरताना तरुणांनी कृपा करून डाव्या हाताची बाजू मोकळी ठेवावी आणि अक्कास कोणी उचलू नये. तिला वेळ लागेल. पाने वाढण्यास थोडे थांबावे.